हातात राहिलेली पिन

दुकानाला टिटवीचं नाव कोणी देत नाही. टिटवी ओरडली की आमच्या भागात म्हातारी माणसं बोलता बोलता थांबतात, आणि आवाज लांब गेल्यावर मगच अर्धं वाक्य पुरं करतात. नगरलगतच्या केडगावात मात्र पुणे रस्ता सोडून आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याचं दुकान आहे आणि त्यावर पाटी आहे: टिटवी कव्हर्स. खाली बारीक अक्षरांत ट्रॅक्टर, टेम्पो, बुलेट, कूलर. पाटीच्या कोपऱ्यात पक्षी रंगवलेला आहे. उताणा, पिवळे पाय आभाळाकडे.

गॅलरीला ताडपत्रीचा पडदा हवा होता म्हणून मी तिथे गेलो होतो. माप देऊन झालं, तरी माझा पाय निघेना.

"हे नाव कुणी सुचवलं?" मी विचारलं.

मशीनवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सरकारनं."

हे गनीभाई. साठी ओलांडलेले, अंगानं सडसडीत. कपडे ताडपत्रीच्या दुकानात कुणी घालणार नाही इतके कडक इस्त्रीचे. शिवण संपवून त्यांनी दोरा दातानं तोडला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या स्क्वाड्रनची निशानी हुती ती. हवाई दलात लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रना, म्हंजी तुकड्या असत्यात. कुनाला वाघ, कुनाला गरुड, कुनाला नाग. आमाला टिटवी. बाकीचे लई हसायचे."

"राग नाही यायचा?"

"राग कशाचा? टिटवी पाय वर करून का झोपते, ठावं हाय ना तुमाला? आभाळ पडलं तर झेलायला. वाघ झोपला की झोपला."

ते पडद्याची गुंडाळी उचलायला वाकले तेव्हा त्यांच्या शर्टच्या खिशातून एक लाल पट्टी बाहेर लोंबली. रुंद, विटलेली, टोकाला काहीतरी लोखंडी. मला वाटलं, दर्ग्यावरची चिंधी असेल. त्यांनी ती अंगठ्यानं आत सारली. आत बसली का ते खिशावर हात ठेवून चाचपलं. माझा पडदा पुढच्या आठवड्यात तयार झाला. दुकानातलं माझं जाणं मात्र संपलं नाही.

गनीभाईंचे वडील पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, नगरच्या बाजारात सायकलवर फिरायचं. बारावीनंतर मुलगा हवाई दलाच्या भरतीत निवडला गेला तेव्हा वडिलांना वाटलं, पोरगा विमान चालवणार. पोराला मद्रासजवळच्या तांबरमला पाठवलं आणि शिकवलं सीट सांभाळायला. "घरी आल्यावर अब्बांनी इचारलं, काय करतोस? म्हनलं, सीट बघतो. म्हनाले, म्हंजी शेवटी गादीच."

पण ही गादी वेगळी. लढाऊ विमानात पायलटच्या सीटखाली सुरुंगासारखी दारू भरलेली असते. विमान हातातून गेलं की पायलटनं गुडघ्यांमधलं हँडल ओढायचं. वरची काच उडते आणि माणूस सीटसकट आभाळात फेकला जातो. जमिनीवर असताना हे हँडल चुकून ओढलं जाऊ नये म्हणून त्यात एक पिन घातलेली असते. तिला लाल पट्टी, पट्टीवर विमानाचा नंबर. पायलट आत बसला, पट्टे आवळले, की सीटवाल्यानं पिन काढायची आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. पायलटनं ती बघून अंगठा वर करायचा. विमान परत आलं की आधी पिन आत, मग पायलट खाली.

"आनि मधल्या वेळात?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझाही णचा न होत असे.

"मधल्या वेळात पिन माज्या खिशात. आमच्या स्क्वाड्रनची रीतच हुती. दुसऱ्या तळावर जायचं असंल तर पायलट पिन पिशवीत घालून संगं न्यायचा. पन हितूनच उडून हितंच यायचं असंल, तर पिन खाली मानसाच्या खिशात. म्हंजी तुमी वर हाय तवर तुमची एक वस्तू माज्याजवळ."

स्क्वाड्रन म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला त्या दिवसांत सतावू लागला. गनीभाई तिथे पोचले त्याच्या कितीतरी आधी, एकोणीसशे साठच्या दशकात, ती उभी राहिली होती. पहिली विमानं विलायती. ती गेली, मिग आली. आधी आसामातला चिखल, मग पंजाबातलं धुकं, शेवटी राजस्थानातली वाळू. माणसं तर दर काही वर्षांनी बदलत. विमानं तीच नाहीत, माणसं तीच नाहीत, जागाही ती नाही. मग 'आमची स्क्वाड्रन' असं गनीभाई म्हणतात तेव्हा ते कशाबद्दल बोलतात? पाणी बदलत राहतं तरी नदी तीच का, असं विचारतात तसा हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी तो ताडपत्रीबद्दल विचारल्यासारखा घेतला.

"सोपं हाय. संध्याकाळी सगळी विमानं खाली, सगळ्या पिना आत, खिसा मोकळा. मग आमी म्हनायचो, हाय बाबा, आज स्क्वाड्रन हाय. हातात पिन राहिली म्हंजी विमान आलं न्हाई."

त्यांच्या हातात पिन दोनदा राहिली होती. पहिल्या वेळचं ते एवढंच बोलले की आसामात पाऊस होता, संध्याकाळपर्यंत ते धावपट्टीच्या कडेला उभे होते, आणि शेवटी एका अधिकाऱ्यानं येऊन त्यांची मूठ उघडून पिन काढून घेतली. दुसऱ्या वेळचं मात्र त्यांच्या बायकोनं, रोशनबींनी सांगितलं. दुकानामागेच त्यांचं घर. चहा घेऊन त्या बाहेर आल्या आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

"ऐकलं का सर? ते साहेबांचं."

"कोण साहेब?"

"यांचा पायलट. विमान पेटलं, त्यांनी हँडल वडलं, अन् खाली कुनाच्या तरी बाजरीत पडले. पाय मोडला, जीव वाचला. तिकडं रीत हाय म्हने, सीटनं जीव वाचला की सीटवाल्याला दारूची बाटली द्यायची. हे तर पीत न्हाईत! साहेब कुबड्या टेकत आमच्या दारात, हातात कुकर. म्हनले, भाभी, हे घ्या, याला पन शिट्टी हाय, याच्यात पन प्रेशर हाय, अन् हे पन वेळेवर उघडतं."

"अजून तोच कुकर?"

"रबर बदलते. कुकर बदलू देत न्हाईत. माजे सोन्याचे डाग कुठं ठिवलेत ते यांना ठावं न्हाई, पन ती पिन कुठं हाय ते झोपेत सांगतील."

गनीभाईंनी चहा बशीत ओतला आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

खिशातली पिन ही तिसरी. ती कशी राहिली हे त्यांनी एकदा मशीन बंद करून सांगितलं.

हवाई दलात स्क्वाड्रन बंद झाली असं म्हणत नाहीत. नंबरप्लेट झाली, असं म्हणतात. विमानं जुनी झाली, नवी अजून आली नाहीत, तर माणसं वाटून टाकतात आणि स्क्वाड्रनचा नंबर तेवढा राखून ठेवतात. कधी काळी नवी विमानं आली तर तो नंबर पुन्हा काढून त्यांना देतात. म्हणजे मेलेली नाही. पण आहे कुठे, तेही सांगता येत नाही. एक आकडा, कपाटात ठेवलेला. गनीभाईंच्या स्क्वाड्रनचा आकडा मला माहीत आहे. कपाटातल्या गोष्टीचं नाव कशाला घ्यायचं, म्हणून मी तो इथे लिहीत नाही.

त्या शेवटच्या सकाळी परेड झाली, भाषणं झाली. मग उरलेली विमानं कायमची उभी करून ठेवण्यासाठी दुसऱ्या तळावर जायची होती. कुकरवाले साहेब तोवर फ्लाइट कमांडर झाले होते. ते आत बसले. गनीभाईंनी पिन काढली, दाखवली, आणि रीतीप्रमाणे त्यांच्या पिशवीत घालायला पुढे केली. कारण विमान दुसऱ्या तळावर चाललं होतं. साहेबांनी ती पिन परत गनीभाईंच्या तळहातावर ठेवली, त्यांची मूठ आपल्या हातमोज्यानं मिटवली, आणि काच खाली ओढली.

"बोलायला सवडच न्हाई. शिडी काढली, विंजन चालू. ते गेले. बाकीच्यांनी कायबाय नेलं घरी. कुनी खुर्ची, कुनी मेसची ताटली. हँगरच्या भिंतीवरनं टिटवीचा बोर्ड उतरवला तर खाली भिंत नवीकोरी, पांढरी. मी पिन दाखवली वरच्यांना, म्हनलं, ही पाठवा. ते म्हनले, गनी, आता ती विमानं उडनार न्हाईत, साहेबांनी प्रेमानं दिलीय, राहू दे."

"खरंच प्रेमानं दिली असेल."

"दिली की प्रेमानंच. पन हितूनच उडून हितंच यायचं असंल तवाच पिन आमच्याजवळ देत्यात. मला पिन दिली म्हंजी विमान परत येनार. मी उभाच हाय." ते हसले, आणि मशीनचं पायडल हलवलं.

डिसेंबरात एका दुपारी पांढरी बोलेरो दुकानासमोर थांबली. नंबर शून्य नऊ शून्य नऊ. उतरले ते काकासाहेब, जामखेड तालुक्यातल्या एका निवासी शाळेचे अध्यक्ष. दांडगा माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा.

"भाई, एक मोठं कव्हर पायजे. लई मोठं. आमच्या शाळेला विमान मिळालंय. खरंखुरं, मिग! सव्वीस जानेवारीला अनावरन. पावन्यानं दोरी वडली की कव्हर सरसर खाली आलं पायजे, मधीच आडकायचं न्हाई. फ्लेक्सवाला न्हाई म्हनला. म्हनलं, केडगावात कोन तरी मिलिटरीवाला कव्हरं शिवतो."

"मिलिटरी न्हाई, एअर फोर्स," गनीभाई म्हणाले. "माप?"

काकासाहेबांनी माप म्हणून मोबाईलवरचा फोटो पुढे केला. पंख उतरवलेलं विमान लांबलचक ट्रेलरवर आडवं, मागे आष्टीकडचा डोंगर, बाजूला सेल्फी काढणारी पोरं. गनीभाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नाकापाशी पुसट नंबर होता. त्यांनी खिशातून पिन काढली आणि लाल पट्टी मोबाईलशेजारी धरली. मी मागून वाकून पाहत होतो. दोन्हीकडे तोच नंबर.

मला वाटलं ते ओरडतील, निदान खाली बसतील. त्यांनी पिन परत खिशात घातली आणि विचारलं, "आत सीट हाय?"

"हाय की! दहावीला पैली आलेली पोरगी बसवनार सव्वीस तारखेला. मग एकेक वर्ग."

"सीटला लाल पट्टी हाय?"

"पट्टी कशाला? रेक्झिनची नवी गादी टाकलीय."

गनीभाईंनी मोबाईल परत दिला. मग म्हणाले, "शिवतो. पन कव्हर मी सोता येऊन चढवनार. आनि मी आत बघितल्याबिगर पोरीला बसवायचं न्हाई."

"बघा की, तुमचंच हाय," काकासाहेब म्हणाले आणि निघाले. आपण किती खरं बोललो याची त्यांना कल्पना नव्हती.

बोलेरो गेल्यावर मी विचारलं, "धोका आहे का काही? फोन करून सांगायला हवं."

"कशाचा धोका? दारू काढल्याबिगर विमान देतच न्हाईत कुनाला. आत आता नुसता लोखंडी पाईप."

"मग?"

"मग काय? पिन न्हाई."

मी घरी आलो तरी हे दोन शब्द माझ्याबरोबर होते. भीती म्हणावी तर ते भीत नव्हते. सवय म्हणावी तर हातांची सवय एवढी वर्षं टिकते का? धोका नाही हे ज्याला सगळ्यांत चांगलं माहीत आहे, त्याच्याच जिवाला चैन पडत नाही, हे काय आहे? या माणसाच्या आत नेमकं काय उघडं राहिलंय, ते मला बघायचं होतं. म्हणून मी म्हणालो, मीपण येतो.

जायच्या आधी त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब आता पुण्यात राहतात. फोन स्पीकरवर होता, दुकानात मी आणि रोशनबी.

"गनी! बोल."

"सर, आपलं विमान सापडलं. जामखेडकडं."

"आपलं म्हणजे?"

"तुमी शेवटी नेलेलं. पोरांच्या शाळेत हाय. मी पिन लावायला चाललोय."

"अरे, ती तुला आठवण म्हणून दिली होती."

"सर, आठवनीला कुकर हाय. पिन लावायची वस्तू हाय."

रोशनबी तोंडाला पदर लावून हसल्या. फोनमध्ये मात्र कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "लाव. आणि लावलीस की मला सांग."

पंचवीस तारखेला आम्ही फैयाजच्या टेम्पोतून निघालो. फैयाज गनीभाईंचा पुतण्या. मागे कव्हरची ताडपत्री, पुढे आम्ही तिघं. जामखेडचा रस्ता गमतीचा आहे. नगर जिल्ह्यातून निघायचं, मध्ये कडा, आष्टी म्हणजे बीड जिल्हा, आणि पुढे पुन्हा नगर जिल्हा. आपलं गाव गाठायला दुसऱ्याच्या घरातून जावं तसं. दोन्हीकडे ज्वारी निसवलेली, मचाणावरून कोणीतरी पाखरं हाकलत होतं.

"चाचा," फैयाज म्हणाला, "पिन लावल्यावर खिशात काय ठिवनार?"

"तुज्या टेम्पोचं टायर. समोर बघ."

पण त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते काहीतरी परत करायला चालले आहेत, आणि केल्यावर त्यांच्याजवळ त्या स्क्वाड्रनचं काही उरणार नाही. टिटवीची पाटी सोडून.

शाळेच्या मैदानात विमान सिमेंटच्या ओट्यावर उभं होतं, नाक थोडं वर करून. निळ्या रंगानं इतकं चकचकीत की त्यात पलीकडची पाण्याची टाकी दिसत होती. शेपटीवर शाळेचं बोधचिन्ह. आणि नाकावर, जिथे फोटोत पुसट नंबर होता तिथे, ठळक पिवळ्या आकड्यांत: ०९०९.

गनीभाई ते बघत उभे राहिले.

"लकी हाय," काकासाहेब म्हणाले. "बोलेरो तीच, फोनच्या शेवटी तेच, म्हनलं विमानाला पन तेच. बाकी गोरक्षनं काम झकास केलंय, का न्हाई?"

गोरक्ष पेंटर शिडीवरून उतरला. ट्रॉल्या रंगवणं हा त्याचा मूळ धंदा. "नगरचं नाव बदललं तवा पाट्यांची लई कामं मिळाली," तो म्हणाला. "पन विमान पैलंच. भाई, कुठंबी बोट फिरवा, खड्डा लागायचा न्हाई."

गनीभाईंनी नाकावरून बोट फिरवलं. खरंच लागला नाही. मग चपला काढून ते शिडी चढले. काच उघडीच होती. मी शिडीच्या मधल्या पायरीवर, गोरक्ष पंखावर.

आत सगळं काळ्या रंगात रंगवलेलं. सीटवर लाल रेक्झिनची गादी. गनीभाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. गुडघ्यांच्या जागी हँडल होतं. त्यांनी त्याच्या बुडाशी बोट नेलं, पुन्हा नेलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. एवढा कावराबावरा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"भोक न्हाई."

"कसलं भोक?" गोरक्ष म्हणाला. "भोकं तर बुजवली सगळी. लांबी, म्हंजी पुट्टी भरली, घासली, वरनं रंगाचे दोन हात. भोकं ठिवली तर गांधीलमाशा घर करत्यात. ट्रॉलीला पन तसंच करतो मी. कुनी सांगत न्हाई, तरी करतो."

म्हणजे त्यानं आपलं काम चोख केलं होतं. गनीभाई त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. चोख काम केलेल्या माणसावर रागवायची त्यांना सवयच नसावी.

"ड्रिल आनू का?" गोरक्ष म्हणाला.

"न्हाई न्हाई. भोक मोठं हुईल." त्यांनी वरूनच हाक मारली, "फैयाज, दाभन दे!"

ताडपत्री शिवायचं दाभण. पायजम्याला ते पुसून गनीभाई कॉकपिटच्या कडेवर पोट टेकवून आत वाकले. आधी रंगाचा पापुद्रा निघाला, मग लांबीची पांढरी भुकटी. दाभण थोडं आत जाई, ते फुंकर मारत, पुन्हा टोचत. गोरक्षही पंखावरून सरकत जवळ आला. "डावीकडनं घ्या भाई, तिकडं मी पातळ भरलीय," तो म्हणाला, आणि मग दोघंही डोकं आत घालून बोलू लागले. खाली काकासाहेब घड्याळ बघत होते. एका क्षणी दाभण एकदम आत गेलं आणि गनीभाईंचा हात थांबला.

त्यांनी खिशातून पिन काढली. पट्टीवरचा नंबर वाचला. कुणासाठी नाही, ओठांतल्या ओठांत. पिन आत सारली. ती गेली. लाल पट्टी काळ्या रंगावर लोंबू लागली.

मग त्यांनी शिडीवर उभ्या उभ्याच फोन लावला.

"सर, पिन आत."

मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. पुण्यातल्या कुठल्यातरी रस्त्याचे हॉर्न. मग साहेबांचा आवाज आला, "उतरू का मग?"

"उतरा सर," गनीभाई म्हणाले. आणि फोन बंद केला.

ते खाली आले तेव्हा काकासाहेबांनी वर बोट केलं. "भाई, ते लाल चिंधुक काय हाय? काढा ते. फोटोत दिसतंय. लोक म्हनतील, विमानाला नवस बोललाय."

"ते काढायचं नसतं."

"आवो, उद्या पावने येनार, पेपरवाले येनार..."

"तुमच्या बोलेरोला लिंबू-मिरची हाय, तिचा फोटो येतोच की," गोरक्ष पंखावरून म्हणाला. फैयाज फिसकन हसला. काकासाहेबांनी गोरक्षकडे, मग बोलेरोकडे पाहिलं, आणि आपणही हसले. "बरं, कार्यक्रमापुरतं राहू द्या."

कार्यक्रम चांगला झाला. कव्हर कुठेही अडकलं नाही. दोरी ओढताच ते पाण्यासारखं खाली आलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात विमानानं काय काय पराक्रम केले ते सांगितलं गेलं. त्यातलं किती खरं ते गनीभाईंना ठाऊक होतं, पण ते मंडपाच्या कडेला उभे राहून इतरांइतक्याच टाळ्या वाजवत होते. स्क्वाड्रनचं नाव कोणी घेतलं नाही. कोणाला माहीत नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. टेम्पोत मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "नंबर कपाटात हाय सर. तेला गरज लागंल तवा काढतील. हे विमान घरी आलं, तेवढं माज्याकडं हुतं."

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. रेश्मा नावाची ती मुलगी सीटवर बसली, तेव्हा शिडीवर गनीभाईच उभे होते. तिनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग खाली.

"आजोबा, हे काय?"

"हँडल."

"वडलं तर?"

"वडून बघ."

तिनं घाबरत घाबरत दोन्ही हातांनी ओढलं. मग जोर लावून ओढलं. हँडल जागचं हललं नाही.

"हलत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई हलनार आता."

ते गंजामुळे हललं नाही की पिनेमुळे, हे मला सांगता येणार नाही. मी तेव्हा गनीभाईंना विचारलं नाही, पुढेही नाही. एरवी मी काही विचारायचं सोडत नाही.

परवा दुकानात बसलो होतो. खिसा मोकळा झाल्यापासून त्यात ते चष्मा ठेवतात; पण वाकताना हात अजून खिशाकडे जातो, आणि चष्मा लागला की क्षणभर थबकतो. रोशनबींनी कुकर लावला होता. तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला. शाळेत कुणी मोठा माणूस यायचा होता, गोरक्ष पुन्हा एक हात रंग मारणार होता.

"भाई, ते लाल फडकं आता काढू ना? वाऱ्यानं फडफडतंय नुसतं."

गनीभाईंनी मशीनचं पायडल थांबवलं. "पायलट बसलाय का आत?"

"पायलट? आता कुठला पायलट?"

"मग राहू द्या," गनीभाई म्हणाले. "पायलट बसल्याबिगर पिन काढत न्हाईत."